शाळेत आंब्याचं कोय कलम शिकवायचं असेल तर सुरुवात मे महिन्यात करा

कोय कलम म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर (त्याला खुंट म्हणतात) चांगल्या झाडाची काडी बसवणं. बऱ्याच शाळांमध्ये कलम शिकवणं म्हणजे एक दिवसाचं प्रात्यक्षिक असतं. कोणीतरी अनुभवी माळीकाका येतात, तयार खुंट आणि तयार काड्या घेऊन येतात, दहा मिनिटांत पाच कलमं बांधून दाखवतात, पोरं भोवती घोळका करून बघतात, फोटो निघतात आणि झालं. पोरांना विचारलं कलम कसं करतात तर म्हणतात चाकूने कापून पट्टी बांधतात. मला हे मनापासून पटत नाही, कारण कलम बांधायचा दिवस हा सगळ्या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. त्याच्या आधी दीड महिना आणि नंतर तीन महिने जे काम असतं त्यावर कलम जगणार की मरणार हे ठरतं, आणि तेच पोरांच्या हातातून गेलं नाही तर काहीच शिकवलं नाही असं समजा.

मी कोकणातल्या शाळेचा विचार करून लिहितोय, म्हणजे आठवी-नववीची मुलं, शाळेमागे थोडी मोकळी जागा, आणि गावात रायवळ (बाठ्यापासून उगवलेले, गावठी) आंबे भरपूर. ज्या शाळांत मूलभूत तंत्रज्ञान हा विषय आहे (पाबळच्या विज्ञान आश्रमातून सुरू झालेला) तिथे शेती-पशुपालनाच्या तासाला हे अगदी फिट बसतं, पण तो विषय नसला तरी विज्ञानाच्या तासाला जमतं.

कोयी गोळा करणं

मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा रायवळ आंबा पडत असतो. मुलांना सुट्टी असते, तर सुट्टी लागायच्या आधीच सांगून ठेवायचं की आंबे खा आणि बाठे, म्हणजे कोयी, टाकू नका. बाठा ताजा हवा, आंब्याच्या कोयीची उगवणशक्ती महिनाभरात संपते, त्यामुळे वर्षभर डब्यात साठवून ठेवता येईल असलं हे बी नाही. गर धुवून काढायचा, सावलीत एक-दोन दिवस सुकवायचं (उन्हात अजिबात नाही) आणि पेरायच्या आधी बादलीभर पाण्यात टाकायचं. ज्या तरंगतात त्या बाहेर फेका, ज्या बुडतात त्या ठेवा. तरंगलेल्यातल्या चार-पाच कोयी मुलांसमोर फोडून दाखवा, आत बी सुकलेलं नाहीतर भुंग्याने खाल्लेलं दिसतं. ते एकदा बघितलं की मुलं पुढच्या वर्षी स्वतःच निवडून आणतात.

शाळा १५ जूनच्या आसपास उघडते त्याच आठवड्यात पेरणी करून टाका. वाफा जमिनीपासून वीतभर उंच हवा, आपल्याकडच्या पावसात सपाट वाफ्यात पाणी साचतं आणि कोयी कुजतात. माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत. कोय लावताना फुगीर कड वर आणि पोटाची बाजू खाली ठेवायची म्हणजे कोंब सरळ वर येतो, उलटी लावली तर कोंब वळसा घालून येतो आणि वाकड्या रोपावर काप घेणं मुलांना काय मोठ्यांनाही कठीण जातं. वर दोन-तीन सेंटिमीटर माती आणि त्यावर भाताचा पेंढा. साधारण १५ ते २० दिवसांत उगवतात.

पावसाळ्यातच का करायचं हेही मुलांना तेव्हाच सांगा. जुलैमध्ये आपल्याकडे हवेत दमटपणा खूप असतो, कापलेली काडी पटकन सुकत नाही, तिला जुळून यायला वेळ मिळतो. हीच गोष्ट एप्रिलच्या उन्हात केली तर काडी दोन दिवसांत वाळून जाईल.

उगवेपर्यंत हात तयार करा

हा मधला काळ फुकट घालवू नका. माझ्या मते शिकवण्याचा खरा भाग हाच आहे. मुलांच्या हातात पहिल्या दिवशी आंब्याची काडी देऊच नका. शाळेच्या कुंपणाला जास्वंद असते, बांधावर गिरीपुष्प असतं, त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या आणा आणि नुसती पाचर कापायला लावा. आंब्याच्या काडीला चीक असतो, तो अंगावर उडाला तर कातडी भाजते, फोड येतात, डोळ्यात गेला तर फारच वाईट. सराव जास्वंदीवरच करू दे.

पाचर म्हणजे काय तर काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तिरका काप, लांबी तीन ते चार सेंटिमीटर, टोकाला निमुळती. मुलं पहिल्यांदा काय करतात तर पेन्सिल तासल्यासारखं छिलत बसतात, दहा छोटे छोटे काप घेतात आणि मग कापाचा पृष्ठभाग उंचसखल होतो. तो खुंटाच्या चिरेत बसवला की मधे पोकळी राहते आणि त्या पोकळीत पाणी, बुरशी, सगळं. काप एकाच ओढीत घ्यायचा. मनगट वाकवायचं नाही, मनगट घट्ट ठेवून कोपरापासून हात ओढायचा, आणि चाकू काडी धरलेल्या हातापासून लांब जाईल असा. कापलेली बाजू खिडकीच्या काचेवर किंवा पट्टीवर टेकवून उजेडाकडे धरायची, मधून उजेड दिसला तर काप वाकडा. ही तपासणी मुलांना फार आवडते, एकमेकांचे काप तपासतात, चुका स्वतःच शोधतात, सरांनी ओरडायची गरजच पडत नाही.

चाकूबद्दल थोडं. पेपर कटर वापरू नका, त्याचं पातं लवतं आणि काप गोलसर येतो, शिवाय तुकडा मोडून उडतो. कलमाचा चाकू मिळतो तो आणा, तीन-चार मुलांत एक पुरतो, आणि त्याला धार रोज लावायची. बोथट चाकूनेच बोट जास्त कापतं कारण जोर लावावा लागतो आणि मग तो सटकतो. पहिल्या तासाला धार लावायलाच शिकवा. चाकू वापरणाऱ्याच्या हाताच्या अंतरात दुसरं कोणी उभं राहायचं नाही, चाकू हातात घेऊन चालायचं नाही, आणि प्रथमोपचाराची पेटी टेबलावर उघडी ठेवायची.

याच दिवसांत कॅम्बियम दाखवून टाका. पुस्तकात आकृती असते पण ती बघून काही समजत नाही. जास्वंदीच्या काडीची साल नखाने सोला, खाली जो ओला, बुळबुळीत, हिरवट थर लागतो तिथेच नवीन पेशी तयार होतात. खुंटाचा हा थर आणि काडीचा हा थर एकमेकांना टेकले तरच दोन झाडांचं एक झाड होतं. मधलं लाकूड लाकडाला चिकटत नाही. त्यामुळे खुंट आणि काडी सारख्या जाडीची निवडायची, आणि जाडी वेगळी असेल तर मधोमध बसवायची नाही, एका कडेला साल सालीला लावून बसवायची, निदान एक बाजू तरी जुळते. हे कळलं की मुलं लगेच विचारतात, सर मग नारळाचं कलम का नाही होत? केळीचं का नाही? कारण त्यांच्यात हा असा सलग थरच नसतो. एवढा चांगला प्रश्न पुस्तकातून कधीच येत नाही.

काडी कोणत्या झाडाची

इथे शेतकऱ्यांनाही सांगायची गोष्ट आहे कारण ही चूक घरोघरी होते. काडी जवळच्या झाडाची, हाताला येते ती घेतात. आपण हापूसच्या काडीतून त्या एका झाडाचाच पुढचा भाग वाढवत असतो, त्या झाडाला जर एक वर्ष आड आंबे लागत असतील, फळ लहान असेल, तर कलमालाही तेच होणार. म्हणून मातृवृक्ष, म्हणजे ज्याची काडी घ्यायची ते झाड, असा निवडा ज्याला मालक किमान दहा वर्षं ओळखतो, दरवर्षी बऱ्यापैकी धरतो, रोग नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना कुठल्या बागेतलं कुठलं झाड चांगलं ते तोंडपाठ असतं. मुलांना हे विचारायला पाठवा, हा पण अभ्यासच आहे.

हापूसच्या बाठ्यातून हापूस का येत नाही हा प्रश्न इथे हमखास निघतो. फुलात दुसऱ्या झाडाचे पराग येतात, बी म्हणजे दोघांचं मिश्रण, प्रत्येक रोप वेगळं. रायवळात म्हणूनच एवढी विविधता आहे, एका झाडाचा आंबा लोणच्याला तर शेजारच्याचा रसाला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करून रत्ना ही जात काढली, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ती १९८१ मध्ये दिली, तिच्यात हापूससारखा साका (आतला गर पांढरट, भुसभुशीत होणं) होत नाही. आज जिथे कुठे रत्नाचं झाड असेल ते त्या एकाच मूळ झाडाच्या काडीपासून आलेलं आहे, बाठ्यापासून नाही. मुलांना हे सांगितलं की एकदम शांत होतात आणि विचार करायला लागतात.

काडी तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, शेंड्याची. आणि ती तोडायच्या आधी आठ-दहा दिवस तिची पानं काढून ठेवायची, देठ राहू द्यायचे. झाडावरच असताना पानं गेली की शेंड्याचा डोळा (न उमललेला कोंब) फुगतो, वाळलेले देठ हात लावला की गळतात, तेव्हा काडी तयार झाली. याला विसरलात तर सगळं फुकट, कारण डोळा झोपलेला असेल तर काडी जुळेपर्यंत फुटत नाही आणि पानं असतील तर ती सगळं पाणी उडवून टाकतात. १ जुलैला कृषी दिन असतो, शाळांमध्ये त्या आठवड्यात खड्डे खणून झाडं लावायचा कार्यक्रम होतो. त्याच आठवड्यात मुलांना घेऊन मातृवृक्षाकडे जा, काड्या निवडून पानं कापा, प्रत्येक काडीला रंगीत दोरा बांधा. उत्तम कृषी दिन होतो.

काड्या सकाळी लवकर तोडायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून वरून प्लास्टिक, आणि शक्यतो त्याच दिवशी वापरायच्या. लांबून आणायच्या असतील तर दोन-तीन दिवस टिकतात पण रोज थोडं यश कमी होत जातं.

कलम बांधायचा दिवस

रोपं १० ते १५ दिवसांची झाली, पानं अजून तांबूस, मऊ आहेत तोपर्यंत करायचं. पानं हिरवी आणि खोड कडक झालं की कोय कलमाची वेळ गेली.

काम वाटून द्या. एक गट वाफ्यातून रोपं काढेल, बाठ्यासकट, बाठा तुटला तर ते रोप बाजूला, कारण या वयात रोप बाठ्यातल्या साठ्यावरच जगत असतं. एक गट मुळं धुवेल. रोपं बुडवायला बुरशीनाशकाचं पाणी (कार्बेन्डाझिम लिटरला १ ग्रॅम) मोठ्यांनी हातमोजे घालून करायचं, मुलांना त्यात हात घालू देऊ नका. एक गट पिशव्या भरेल, ५ बाय ८ किंवा ६ बाय ८ इंची, खाली भोकं पाडलेल्या. आणि ज्यांचा हात सरावात चांगला बसलाय ते कापतील. पण दुपारनंतर गट फिरवा, प्रत्येकाने निदान दोन तरी कलमं स्वतः बांधली पाहिजेत, नाहीतर दोनच हुशार पोरं सगळं करतात आणि बाकीची माती भरत राहतात. मुलींना नुसतं पट्टी कापायला बसवलेलं मी खूपदा बघितलंय, ते करू नका.

बाठ्याच्या वर सहा-आठ सेंटिमीटरवर रोपाचा शेंडा आडवा छाटायचा. मधोमध तीन-चार सेंटिमीटर उभी चीर. काडी १० ते १५ सेंटिमीटरची, तिची पाचर कापायची, चीक फडक्याने पुसायचा, आणि लगेच चिरेत बसवायची. कापलेल्या भागाला बोट लावायचं नाही, जमिनीवर ठेवायचं नाही, मित्राला दाखवायला फिरवायचं नाही. कापणं ते बसवणं हे अर्ध्या मिनिटात झालं पाहिजे, यासाठीच तर एवढा सराव.

मग पट्टी. दोन सेंटिमीटर रुंद पॉलिथिनची, खालून वर गुंडाळत जायची, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवून, ताणून. ज्या मुलाने बांधलंय त्याने काडीला हलकेच धरून बघावं, हलली तर सोडून परत बांधायची. मग पिशवीत लावायचं, बाठा मातीत झाकला पाहिजे आणि सांधा मातीच्या बराच वर. वरून काडीवर पांढऱ्या प्लास्टिकची टोपी घालून खाली सैलसर बांधायची म्हणजे आत दमटपणा राहतो. शाळेबाहेर बर्फाची पेप्सी मिळते ना, तिच्या रिकाम्या पिशव्या धुवून वापरल्या तरी चालतात.

प्रत्येक पिशवीला चिठ्ठी: मुलाचं नाव, तारीख, मातृवृक्ष कोणाचा. ही चिठ्ठी सोडू नका, पुढे सगळं शिक्षण त्या चिठ्ठीवर आहे.

मेलेली कलमं उघडून बघा

सावलीत ठेवायची, शेडनेट नसेल तर झाडाखाली, पण जिथे पावसाची धार थेट पडत नाही तिथे. पाणी बेताने, पावसाळ्यात लोक पाणी जास्तच घालतात. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटायला लागतो. फूट दिसली की टोपी काढायची, तीही ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी. खुंटाला सांध्याखालून फूट आली तर ती लगेच खुडायची, ती ठेवली तर रायवळच वाढतो आणि हापूस मरतो. हे रोज बघायचं काम पाळी लावून मुलांना द्या.

आणि जी मेली ती फेकू नका. वर्गात आणा, पट्टी सोडा, सांधा उघडा. काडी वरून सुकत आली असेल तर टोपी फाटली असेल किंवा काडी तोडून फार वेळ राहिली. खालून काळी पडून कुजली असेल तर काप ओला राहिला, मळलेला हात लागला, नाहीतर पट्टी सैल. आणि एक प्रकार असा असतो की काडी महिनाभर हिरवीगार राहते, फुटत नाही आणि मग अचानक जाते, ती उघडलीत तर सांधा मुळीच जुळलेला नसतो, काडी स्वतःच्या ओलाव्यावर जगत होती. चिठ्ठीवर नाव असतंच, पण नाव वाचून कोणाला हसायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी करा. कारण फळ्यावर लिहा, किती सुकली, किती कुजली, किती जुळलीच नाहीत. ज्या वर्गाने हा तक्ता केला त्याचा पुढच्या वर्षीचा हात बघा, मला वेगळं सांगायला नको. पहिल्या वर्षी निम्मी जगली तरी मी खूश असतो.

गावातल्या शेतकऱ्यांना शिकवताना

मोठ्या माणसांचा वर्ग वेगळा घ्या, संध्याकाळी, लावणीची घाई संपल्यावर. त्यांना झाड कळतं, चाकू चालवता येतो, त्यांना कॅम्बियमवर भाषण नको असतं. ते थेट विचारतात, भाऊ माझ्या बांधावर चाळीस वर्षांचा रायवळ आहे त्याचं काय करू? अशा झाडाच्या फांद्या छाटून नवीन फूट येऊ द्यायची, त्यातली चार-पाच जोमदार फूट ठेवायची आणि ती कोवळी असतानाच त्यावर हापूसची किंवा केसरची काडी पाचरीनेच भरायची. कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची, खोडकिडा आत शिरतो का यावर लक्ष ठेवायचं. पण आधी विचारून घ्या तो रायवळ कसा आहे. चांगल्या चवीचा, लोणच्याचा रायवळ कापून हापूस करू नका, अशी झाडं आता कमी होत चाललीत आणि एकदा गेली की परत मिळत नाहीत. उलट त्याच्याच काड्या घेऊन दोन-चार कलमं करून ठेवा.

काजूवाल्यांना मृदकाष्ठ (मऊ खोडावरचं) कलम दाखवा. पद्धत पाचरीचीच, फक्त खुंट पिशवीतच वाढवलेला, दीड-दोन महिन्यांचा, आणि चीर खोडाच्या वरच्या मऊ भागात. खाली एक-दोन जोड्या पानं ठेवायची. वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या काजूच्या जातींच्या काड्या न मोहोरलेल्या फांद्यांवरून घ्यायच्या. काजू शिकलेला माणूस आंबा पटकन शिकतो, उलटं थोडं जड जातं कारण काजूची साल नाजूक.

घाटावरच्या आणि विदर्भातल्या शाळांनी आपापलं पीक घ्यावं, आंब्याच्या मागे लागायची गरज नाही. संत्र्याचा डोळा जंबेरी लिंबाच्या खुंटावर भरतात, बोराचा डोळा गावठी बोरीवर, चिकूचं कलम खिरणीवर. सीताफळालाही पाचर कलम चालतं. डाळिंबाला गुटी बांधतात, त्यात खुंटच नसतो, एकाच झाडाच्या फांदीला मुळं आणायची, ते मुलांना तुलनेसाठी जरूर दाखवा.

दिवाळीच्या सुट्टीआधी

सुट्टी लागायच्या आधी एक काम राहू देऊ नका. सांधा पक्का जुळला असेल तर पट्टी उभी चिरून काढून टाका. पॉलिथिन आपोआप कुजत नाही, खोड जाड होत जातं आणि पट्टी रुतून बसते, मग तिथेच गळफास बसतो आणि वाऱ्याने कलम मोडतं. पट्टीवर ब्लेडची एक उभी रेघ मारायची, सालीला न लागता.

मुलांना आपापलं कलम घरी न्यायला द्या पण पुढच्या जूनमध्ये, सुट्टीत पाण्याशिवाय राहिलं तर जाईल, म्हणून उन्हाळाभर शाळेत किंवा जवळ राहणाऱ्या एका-दोघांकडे ठेवा. जागा १० बाय १० मीटरची, खड्डा मीटरभराचा, उन्हाळ्यातच खणून ठेवलेला, आणि लावताना सांधा मातीच्या वर. पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहोर येतो कधी कधी, घरचे सगळे खूश होतात, तरी तो खुडायला सांगा. तीन-चार वर्षं झाडाला फक्त वाढू द्यायचं, पाचव्या वर्षापासून आंबा धरू द्यायचा.